हम्मूची डावी सपाता

मिमून आज मागायला येणार होता, आणि जे मागणार होता ते मागच्या खोलीत लपवून ठेवता येण्यासारखं नव्हतं.

एरवी उतारावर मिमूनचं खेचर दिसलं, की बस्सूच्या घरात धावपळ उडायची. नवी सतरंजी धान्याच्या कणगीत, चांगली किटली चुलीमागे, आणि मेंढा शेजाऱ्याच्या गोठ्यात. कारण मिमून हा त्याचा तादाभाऊ. बस्सू आयत इझमचा, म्हणजे सिंहाच्या टोळीचा. मिमून आयत उझरूचा, म्हणजे खडकाच्या. सिंह आणि खडक एका झऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या डोकी फोडत होते. दोघांच्या आजोबांच्या काळात झरा अर्धा आटला, तेव्हा भांडण परवडेना आणि तह झाला. त्या तहाला म्हणायचं तादा. तेव्हापासून दोन्ही बाजूंना तीन गोष्टी वर्ज्य: तादाभावानं मागितलेलं नाकारायचं नाही, त्याच्याशी खोटं बोलायचं नाही, आणि त्याच्या घरी मुलगी द्यायची नाही, त्याच्या घरची करायची नाही. भावाबहिणीचं लग्न लागत नसतं. हे जो मोडेल त्याच्या डोक्यावर घराचं छप्पर कोसळतं. कोसळलेलं कुणी पाहिलं नव्हतं, पण मोडून पाहायलाही कुणी गेलं नव्हतं.

या भाऊपणापायी मिमूननं आजवर बस्सूचं खोगीर नेलं, ट्रान्झिस्टर नेला, मधाची दोन पोळी नेली. बस्सूनं मिमूनचं खेचर आणलं, तांब्याचं तबक आणलं, आणि एकदा रागाच्या भरात घराचं पुढचं दार आणलं. ते दार आजही बस्सूच्या गोठ्याला होतं. दोघांच्या बायका तर एकमेकींच्याच भांड्यांत स्वयंपाक करत होत्या.

आज मात्र मिमूनच्या नातवाला, येद्दरला, बस्सूची नात हवी होती. तूदा. मागितल्यावर नाही म्हणता येणार नाही, आणि हो म्हटलं तर मुलगी तादाभावाच्या घरात जाणार. नकार दिला तर छप्पर कोसळणार, होकार दिला तरी कोसळणार. बस्सूनं सकाळपासून अनेकदा वर पाहिलं होतं. देवदाराच्या तुळया जुन्या होत्या, पण आपल्याला काही सांगायचंय असं त्यांच्याकडे बघून वाटत नव्हतं.

"तादा म्हणजे तादा, आबा," थोरला लहसन म्हणाला. तो मेकनेसहून पहाटेच गाडी काढून आला होता. तिथे त्याचं फरशांचं दुकान. दुकानाच्या पाटीवर स्वतःच्या नावाआधी त्यानं 'शरीफ' लिहून घेतलं होतं, कारण आपला मूळपुरुष अरबस्तानातल्या पवित्र घराण्यातून आला असं त्याला चाळिशीनंतर आठवलं होतं. "वाडवडिलांनी दिलेला शब्द आहे. त्यात फिरवाफिरव नाही."

"गेल्या बकरी ईदेला तू तादाला काय म्हणाला होतास?" बस्सूनं विचारलं.

"काय म्हणालो होतो?"

"सपातांचे ढीग लावून कसला भाऊपणा, हा रानटीपणा आहे, असं म्हणाला होतास. जेवताना. माझ्या वाटणीची कलेजी खाता खाता."

"माणूस शिकतो, आबा."

"शुक्रवारी तुझ्या भागीदाराचा मुलगा येतोय ना तूदाला बघायला?" चहाच्या किटलीत पुदिना कोंबत इझ्झानं विचारलं. ती बस्सूची बायको आणि दोन्ही मुलांची आई. आवाज अगदी साधा, हवापाण्याचं विचारावं तसा.

"त्याचा इथं काय संबंध?"

"छे, छे. संबंध नाहीच. मी आपलं किती भाकरी भाजायच्या त्याचा अंदाज घेत होते."

धाकटा यूबा खिडकीशी उभा राहून डोंगराकडे बघत होता. जन्मल्यावर त्याचं नाव इद्रिस ठेवलं होतं. रबातला प्राध्यापक झाल्यावर त्यानं ते टाकून रोमनांच्या काळातल्या एका राजाचं घेतलं, आणि आपण त्याचेच वंशज असल्याची खात्री करून घेतली. बस्सूला याचं नवल वाटायचं. एक मुलगा अरबस्तानातून आला, दुसरा राजवाड्यातून, आणि दोघंही जन्मले मागच्या खोलीत. सुईणीला खेचरावरून आणायला तो स्वतः गेला होता.

"मी आयुष्यभर आपल्या प्रथांसाठी भांडलोय," यूबा म्हणाला, "पण प्रथा ही वाहती गोष्ट असते, आबा."

"वसंतातल्या जत्रेत माइकवर तू म्हणालास की प्रथा म्हणजे खडक."

"काही खडक वाहतात."

"उझरूचे असतील," इझ्झा म्हणाली.

"आई, हसू नकोस. आपल्या रक्ताची मुलगी मेकनेसच्या फरशीवाल्यांकडे जाणार, त्या घरात आपल्या भाषेत एक शब्द उच्चारला जाणार नाही. टोळीची ओळख संपते ती अशी!"

"तुझी पोरं घरात कुठली भाषा बोलतात रे?" लहसननं विचारलं.

"ती शाळा फ्रेंच आहे."

"मी घरात म्हणालो."

यूबा पुन्हा डोंगराकडे वळला.

तूदा दारात येऊन उभी होती. ती लहसनची मुलगी, पण बापापेक्षा आजोबांजवळच वाढलेली. खेनिफ्राला जमीन मोजणीच्या कचेरीत नोकरी करायची. दिवसभर लोकांच्या बांधाबांधांवरून चाललेली भांडणं मोजून आल्यामुळे घरातल्या भांडणांचं तिला फार काही वाटत नसे. आज मात्र चेहरा उतरलेला होता.

"बाबा, शुक्रवारच्या पाहुण्यांना फोन करून सांगा, मी नाही बसणार समोर."

"बसशील."

"काका, आणि तुम्हीही माझ्या लग्नानं टोळी वाचवू नका. मला फक्त येद्दर हवाय." मग ती बस्सूसमोर खाली बसली. "आजोबा, पळून जायचं असतं तर केव्हाच गेले असते. आपलं खेचरसुद्धा मूळचं त्यांचंच आहे, ओरडलं नसतं. पण मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुम्ही नाही म्हणालात तर नाही. मग मी कुणाशीच करणार नाही, आणि या घरात तुमच्यासमोर रोज गप्प बसेन."

बस्सूला छपरापेक्षा या शेवटच्या वाक्याची भीती जास्त वाटली. तूदा गप्प बसलेली त्यानं कधी पाहिली नव्हती.

त्यानं सवयीनं कोनाड्याकडे बघितलं. तिथे त्याच्या आजोबांची, हम्मूची, उजवी सपाता ठेवलेली होती. पूर्वी ती नुसती खिळ्याला टांगलेली असायची. यूबानं तिच्यासाठी मेकनेसहून काचेची पेटी आणली. ती मुळात मासे ठेवायची पेटी होती, त्यामुळे तळाला निळे खडे आणि एक प्लास्टिकचा शिंपला राहिला होता. खाली टोळीच्या प्राचीन लिपीत पाटी लावली होती. ती लिपी घरात फक्त यूबाला वाचता यायची, आणि त्यालाही बोट ठेवून.

हम्मूची गोष्ट आयत इझमच्या प्रत्येक घरात सांगायचे, पण बस्सूइतकी कुणाला रंगवता येत नसे. तहाच्या दिवशी दोन्ही टोळ्यांचे पुरुष झऱ्याच्या दोन काठांवर बसले. प्रत्येकानं डाव्या पायातली सपाता काढून आपापल्या बाजूच्या ढिगात टाकायची, ढिगांवर लोकरी झगा पांघरायचा, आणि मग दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्यांनी झग्याखाली हात घालून एकेक ओढायची. ज्यांच्या सपाता एकत्र निघतील ते जन्माचे भाऊ, आणि एकमेकांची सपाता घरी नेऊन जपायची. पण पहिली सपाता टाकणार कोण? सगळे एकमेकांकडे बघत राहिले. तेव्हा हम्मू उठला आणि म्हणाला, "माझा पाय अनवाणी राहू दे, पण ही जमीन रक्तानं भिजायला नको." हे वाक्य बस्सूच्या वडिलांच्या सांगण्यात नव्हतं. बस्सूच्या सांगण्यात ते कधी आलं हे त्यालाही आठवत नव्हतं, पण आल्यापासून हललं नव्हतं.

दुपार कलता कलता खेचर आलं. मिमून उतरला, त्याच्यामागे येद्दर. पोरगा मेंढ्यांचा डॉक्टर होता; बस्सूच्या मेंढ्याची पोटफुगी त्यानंच उतरवली होती, त्यामुळे नाव ठेवायला बस्सूला जागा सापडत नव्हती. त्यानं शोधली होती.

"काय रे बस्सू, अजून जिवंत?"

"तुला मागायला काहीतरी उरलं पाहिजे ना, म्हणून."

दोघांनी एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवले. भाकरी आली, लोणी आलं, मध आला. मिमूननं तबक न्याहाळलं. "हे माझं."

"होतं."

चहाचा पहिला पेला झाला, दुसरा झाला. लहसन मनगटावरचं घड्याळ बघत होता. यूबा टोळ्यांच्या एकीवर काहीतरी बोलायला तोंड उघडत होता आणि इझ्झा दर वेळी त्यात भाकरीचा तुकडा जाईल अशा बेतानं ताट पुढे करत होती.

शेवटी मिमून म्हणाला, "बस्सू, मी मागणार नाही."

तूदाच्या हातातला पेला तबकावर वाजला.

"मागितलं तर तू अडकशील, हे मला कळतं. आपण एकमेकांची दारं काढून नेली, पण एकमेकांना अडकवलं नाही. मी फक्त एक गोष्ट विचारायला आलोय. खरं सांगायचं, एवढंच."

त्यानं झग्याच्या आतून एक फडकं काढलं आणि गाठ सोडली. "तुझ्या आजोबांच्या नावानं आमच्या आजोबांना मिळालेली ही सपाता. आमच्या घरात जपून ठेवलेली. आजवर तुझ्यासमोर कधी आणली नाही. तादाभावाला लाजवू नये म्हणून."

फडक्यात सपाता होती. लाल. टाचेशी आखूड, पुढे निमुळती, वर रेशमाची बारीक वेलबुट्टी आणि तीत अडकून राहिलेल्या दोन-तीन टिकल्या. पुरुषाच्या पंजावर मावली असती.

त्या डोंगरात पुरुष पिवळ्या सपाता घालतात. लाल घालतात त्या बायका.

सगळ्यांच्या माना आधी लाल सपातेकडे वळल्या, मग कोनाड्यातल्या पेटीकडे. पेटीतली हम्मूची उजवी सपाता पिवळीधमक होती, भाकरीच्या फळीएवढी लांब, आणि नीट पाहिलं तर तळव्याला फारशी झिजलेलीही नव्हती.

"त्या काळी पुरुषांचे पाय लहान असायचे," यूबा म्हणाला.

"फक्त डावे?" तूदानं विचारलं.

"बस्सू," मिमून म्हणाला, "ही सपाता कुणाची?"

बस्सू सपातेकडे वाकला. त्याला एकदम इत्तो आजी दिसली. हम्मूची बायको. तो लहान असताना ती अंगणात लोकर पिंजत बसायची, उजव्या पायात लाल सपाता आणि डाव्यात बैलाच्या कातड्याचा ओबडधोबड तुकडा बांधलेला. डाव्या पायाला जखम आहे असं पुरुष म्हणायचे. आयत उझरूचे पाहुणे येऊन हम्मूच्या हाताचं चुंबन घ्यायचे, तेव्हा ती दोन्ही पाय पुढे पसरून बसायची आणि स्वतःशीच हसायची. म्हातारीला चळ लागलाय असंही पुरुष म्हणायचे.

"इझ्झा," तो हळूच म्हणाला, "तुला माहीत होतं?"

"सगळ्या बायकांना माहीत आहे. तुमच्या आईनं मला सांगितलं, तिला इत्तोनं. हम्मूनं तहाच्याच आठवड्यात फेझच्या बाजारातून नव्या सपाता आणल्या होत्या. एक देऊन टाकली तर दुसरीचं करायचं काय, असा त्याला प्रश्न पडला. मग जाताना बायकोची डावी काखेत मारून नेली. झग्याखाली कुणाला दिसतंय?"

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही गोष्ट इतकी छान सांगता," इझ्झा म्हणाली आणि पेले भरू लागली.

लहसनला हिशेब सगळ्यांत आधी कळला. हम्मूची सपाता ढिगात नव्हती म्हणजे या घराचा तहाशी संबंध नाही. संबंध नाही म्हणजे लग्नाला आडकाठी नाही. आणि आडकाठी नाही म्हणजे शुक्रवारचे पाहुणे गेले. तो उभाच राहिला.

"बाईची असली म्हणून काय झालं? बाई माणूस नाही? या घराची सपाता ढिगात होती, बस्स! इत्तो आजीनं सपाता दिली, तर तिचा शब्द पुरुषाच्या शब्दाइतकाच पक्का! तादा लागू!"

इझ्झाच्या हातातली किटली हवेत थांबली. "परत म्हण."

"काय?"

"तेच. बाई माणूस वगैरे. मी म्हातारी झाले हे ऐकायला."

"भावनेच्या भरात जाऊ नका," यूबा घाईघाईनं म्हणाला. "इतिहासाकडे थंड डोक्यानं बघायला हवं. हा करार पुरुषांचा होता. बाईच्या सपातेला त्यात स्थान नाही. ती सपाता कायद्यानं नव्हतीच."

"काका, तुमच्या पुस्तकात आपल्या लढवय्या राण्यांवर एक अख्खं प्रकरण आहे ना? बाईचं स्थान वगैरे?"

"राण्यांची गोष्ट निराळी."

"का?"

"त्या घोड्यावर असायच्या. सपातेचा प्रश्न यायचा नाही."

"म्हणजे आपल्या टोळीत बाई मोजायची की नाही, हे तूदाचं लग्न कुणाशी लावायचं त्यावर ठरणार," मिमून म्हणाला. "आमच्याकडेही असंच असतं. मला वाटलं, सिंहांकडे काही वेगळं असेल."

येद्दर आल्यापासून एक शब्द बोलला नव्हता. तो आता बोलला. "आबा, त्यांना राहू द्या. बस्सूआजोबांना वाईट वाटेल असं नको. आपण जाऊ."

"बस खाली," बस्सू म्हणाला. येद्दर बसला. आता दोष शोधायचंही बस्सूनं सोडून दिलं.

खरं तर हम्मूचं त्याला तितकंसं दुःख नव्हतं. आजोबा चिक्कू निघाला; निघू दे. पेटीत मासे ठेवता येतील. पण मिमून? डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा लहसन म्हणाला होता, आबा, दहा वर्षांनी तरुण दिसताय. यूबा म्हणाला होता, आबा, जुन्या सरदारासारखे दिसताय. मिमून आला, उंबऱ्यात थांबला आणि म्हणाला, "तू मेलेल्या बोकडासारखा दिसतोस." बस्सूला त्या दिवशी प्रथमच बरं वाटलं होतं. एवढ्या मोठ्या डोंगरात त्याच्याशी कधीही खोटं न बोललेला हा एकच माणूस. सपाता इत्तोची म्हटली, की हा भाऊपणा कधी नव्हताच. सपाता हम्मूची म्हटली, तर भाऊ राहील, हम्मू राहील, कोनाडाही राहील. फक्त तादाभावाशी पहिलं खोटं बोललं जाईल, आणि समोर एक मुलगी रोज गप्प बसेल.

तूदा त्याच्याकडे बघत नव्हती. ती लाल सपातेकडे बघत होती, जणू ती आत्ता उठून चालायला लागेल.

"इत्तोची आहे," बस्सू म्हणाला. "माझ्या आजीची. हम्मूनं आपली सपाता टाकलीच नाही. तुझ्या आजोबांना भाऊ मिळालाच नाही, मिमून. आपण कुणी नाही एकमेकांचे."

बस्सूनं वर पाहिलं. छप्पर होतं तिथंच होतं.

"म्हणजे," मिमून सावकाश म्हणाला, "ते खेचर मी तुला उगाच दिलं."

"आणि मी तुला ट्रान्झिस्टर."

"आणि माझं दार?"

"ते मी भांडून नेलं होतं. त्याचा तादाशी संबंध नाही."

मिमूननं मान हलवली. मग त्यानं झगा सारखा केला, मांडी बदलली, आणि अनोळखी घरी आलेल्या माणसासारखा घसा साफ केला. "बस्सू, आयत इझम. आमचा येद्दर. पोरगा चांगला आहे. कधी चिडत नाही, घोरत नाही, कमाई भरपूर आहे."

बस्सूनं डोळे बारीक केले. "घोरत नाही?"

"अजिबात नाही," मिमून म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर एक हलकं समाधान पसरलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो बस्सूशी खोटं बोलला होता, आणि त्याला ते जमलं होतं. "तुमची तूदा आम्हाला द्या."

बस्सूनं पेला उचलला. त्यानं चहाचा घोट घेतला. जिभेवर एक शब्द आला होता, जो या माणसासमोर त्यानं कधी उच्चारला नव्हता, त्याच्या वडिलांनीही कधी उच्चारला नव्हता. त्याची चव कशी लागते ते त्याला बघायचं होतं.

"नाही," तो म्हणाला.

तूदाचा चेहरा पांढराफटक पडला. लहसन हसायला लागला. येद्दर उठून उभा राहिला.

"अरे, थांबा, थांबा," बस्सू म्हणाला. "एकदा म्हणून बघितलं. फार दिवसांची इच्छा होती." त्यानं तूदाच्या डोक्यावर हात ठेवला. "दिली. घोरत असला तरी दिली."

तूदानं आजोबांच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं आणि मग रडायला लागली, आणि इझ्झानं अशी ललकारी दिली की खालच्या वस्तीतल्या बायकांनी काय झालं ते न विचारताच तिला साथ दिली. लहसन बाहेर जाऊन फोनवर मेकनेसला बोलू लागला. त्याच्या तोंडून तीनदा तरी "अडाणी लोक" आलं, आणि एकदा "जुनी परंपरा". यूबा पेटीसमोर पाटी हातात घेऊन उभा होता. नवी पाटी लिहायला हवी होती, पण काय लिहायचं ते त्याला कुठल्याच लिपीत सुचत नव्हतं. इझ्झानं त्याला बाजूला केलं, पेटीचं झाकण उघडलं आणि इत्तोची लाल सपाता हम्मूच्या पिवळीशेजारी, शिंपल्याला टेकवून ठेवली. "घ्या. आता जोडी झाली."

ऊन उतारावर गेलं तेव्हा बस्सू मिमूनला खेचरापर्यंत पोचवायला आला. मिमूननं खोगीर आवळलं. खोगीर बस्सूचं होतं.

"मिमून."

"काय?"

"आता आपण भाऊ नाही. माझा ट्रान्झिस्टर परत दे."

मिमून खेचरावर चढला, लगाम धरला, आणि आपल्या नव्या व्याह्याकडे वरून भरभरून पाहिलं.

"नाही," तो म्हणाला.